२७ वर्षांचे स्पीकर, ७५ वर्षांचे कान

अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी आली आणि तिनेच विषय काढला. नानांना पंचाहत्तरावं लागलेलं. दोघा भावंडांनी मिळून ८० हजार रुपये काढायचे आणि बैठकीतल्या जुन्या स्पीकरांच्या जागी नवी जोडी आणायची, असा तिचा बेत होता. नाना वर्षभर एकच तक्रार करत होते, "बापू, आवाज मरी गया रे." त्यामुळे मलाही तो बेत पटला. पुण्यातल्या एका दुकानातून ताईने दरपत्रकही मागवून ठेवलं होतं.

मी अमळनेरला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. काही बिघडलं की आधी मोजायचं आणि मग पैसे काढायचे, ही सवय मुलांना लावता लावता मलाच लागली आहे. म्हणून ताईकडून दीड महिना मागून घेतला. मे-जून २०२५ मधल्या त्या दीड महिन्यात काय काय केलं, काय निघालं आणि शेवटी काय ठरलं, ते इथे पूर्ण लिहितो आहे. जुने स्पीकर असलेल्या बहुतेक घरांत हा प्रश्न कधी ना कधी येतो, आणि बहुतेक वेळा तो थेट दुकानात नेऊन सोडवला जातो.

आधी थोडी पार्श्वभूमी. नाना पोस्टात होते. पाचव्या वेतन आयोगाचा फरक हातात आला, तेव्हा १९९८ च्या सुरुवातीला ते मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरून अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी घेऊन आले. गोणपाटात गुंडाळलेली ती दोन खोकी रेल्वेतून येताना त्यांनी रात्रभर पाय लावून सांभाळली होती. आईने त्या पैशांत पाटल्या मोडून नव्या करायचं मनाशी धरलं होतं, ती गोष्ट आजही निघते. स्पीकर दोन भागांचे: खाली जाड सुरांचा ८ इंची वूफर, वर बारीक सुरांचा कापडी घुमटाचा ट्वीटर. अ‍ॅम्प ५० वॉटचा. ऐकणं जवळजवळ सगळं शास्त्रीय गायन, त्यातही जुन्या मैफलींच्या कॅसेटी. त्या आता मी पेनड्राइव्हवर घेऊन दिल्या आहेत.

"मरी गया" म्हणजे नेमकं काय, हे विचारायला मला वर्ष लागलं, याचं वाईट वाटतं. एका संध्याकाळी वही घेऊन नानांजवळ बसलो. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. गाणारा समोर बसलेला वाटत नाही, आवाज सगळीकडे पसरतो. डग्गा पातळ झालाय. जोरकस तान आली की डावीकडून फर्र असं काहीतरी येतं. आणि तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती सळसळ, हरवली आहे. या चारही तक्रारी मी आजवर एकच समजत होतो. प्रत्येकीचं कारण वेगळं निघालं.

पहिल्या तक्रारीला दहा मिनिटं लागली. नानांची ध्वनिमुद्रणं जुनी, एकाच मायक्रोफोनची. अशा मुद्रणाचा आवाज दोन्ही स्पीकरांतून अगदी सारखा येतो आणि त्यामुळे गायक बरोबर मधोमध बसलेला भासायला हवा. तसं होत नसेल तर आधी तारा बघाव्यात. चार वर्षांपूर्वी दिवाळीत घराला रंग दिला, तेव्हा तारा काढून पुन्हा मीच जोडल्या होत्या. तार एकरंगी होती आणि धन टोक ओळखायची खूण म्हणजे एका बाजूच्या प्लॅस्टिकवरची बारीक उभी रेघ. उजव्या स्पीकरला मी ती उलटी लावली होती. म्हणजे चार वर्षं एका स्पीकरचा कोन, म्हणजे आवाज काढणारा कागदी शंकू, पुढे ढकलला जात होता, तेव्हा दुसऱ्याचा मागे खेचला जात होता. खालचे सूर एकमेकांना खात होते. तार उलटवली, नानांना पलंगावर बसवलं आणि गाणं लावलं. ते काही बोलले नाहीत, फक्त समोरच्या भिंतीच्या मध्यावर नजर लावून बसले. गवई तिथे आला होता.

आता फर्र. अ‍ॅम्पच्या मागे डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल केली, तरी फर्र डाव्याच खोक्यातून येत राहिली. म्हणजे अ‍ॅम्प निर्दोष, दोष खोक्यात. काळ्या कापडाची जाळी काढली आणि टॉर्च धरला. वूफरचा कागदी कोन त्याच्या लोखंडी सांगाड्याला फोमच्या कंकणाने जोडलेला असतो. मेकॅनिक लोक त्याला रिंग म्हणतात. डाव्या वूफरच्या रिंगेला खालच्या बाजूने तीन इंच फट पडली होती आणि तिथे कोन मोकळाच लटकत होता. कडेला बोट लावलं, तर काळा चिकट चुरा बोटाला लागला, तव्याखालच्या काजळीसारखा, धुऊनही लवकर न निघणारा. उजवी रिंग दिसायला अखंड होती, पण बोटाने दाबल्यावर दाब तसाच राहिला.

हा फोम म्हणजे पॉलियुरेथेन. हवेतली वाफ त्याची रासायनिक साखळी हळूहळू तोडते आणि ऊन व उष्णता हे काम लवकर उरकतात. वापरले न वापरले तरी फोमच्या रिंगा साधारण १० ते २० वर्षांत जातात. रबराच्या रिंगा बऱ्याच जास्त टिकतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि आमचा डावा स्पीकर तर पश्चिमेच्या खिडकीशेजारी, रोज चार ते सहा थेट उन्हात. २७ वर्षं निघाली हेच पुष्कळ.

पण रिंग म्हणजे स्पीकर नव्हे. कोनाला दोन्ही बाजूंनी दोन बोटांनी हळूच आत दाबून पाहिलं. व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनाला हलवणारी तारेची गुंडाळी, चुंबकाच्या फटीत घासत असेल तर खसखस असा बारीक आवाज येतो. दोन्हीकडे काही नाही. मल्टिमीटरवर वूफर ६.१ आणि ६.२ ओहम निघाले. आठ ओहमच्या वूफरला एवढाच रोध दिसायला हवा. म्हणजे चुंबक धड, कॉइल धड, कागद धड. खोक्याचं भुशाचं लाकूडही कुठे फुगलेलं नव्हतं. "स्पीकर म्हातारा झाला" असं आपण सरसकट म्हणतो. प्रत्यक्षात त्याचे दोन-तीन अवयव थकतात आणि बाकीचे जन्मभर चालतात.

वूफर काढल्यावर खोक्याच्या तळाशी एक काचेची गोटी आणि चार चिंचोके सापडले. समोरच्या गोल नळीतून ते कुणी टाकले असतील, ते ताईने आणि मी एकमेकांकडे बघून ठरवलं.

आत क्रॉसओव्हरची छोटी पट्टी होती. जाड सूर वूफरला आणि बारीक सूर ट्वीटरला वाटून देणारी ही पट्टी. ट्वीटरच्या वाटेवरचा ४.७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, म्हणजे जाड सूर अडवून बारीक सूर पुढे सोडणारा भाग, नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक जातीचा होता. त्याच्या आतला द्रव वर्षानुवर्षं सुकत जातो आणि तापमान दर दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण अर्ध्यावर येतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या मीटरवर डावा ३.१ भरला, उजवा ३.६. हे माप घटलं की ट्वीटर आणखी वरच्या सुरापासून बोलायला लागतो. हिशेब केला, तर नवेपणी सुमारे ४,२०० हर्ट्झपासून वर बोलायला लागणारा डावा ट्वीटर आता ६,४०० च्या आसपास तोंड उघडत होता. मधल्या पट्ट्याला धड वूफर नाही, धड ट्वीटर नाही. जवारीची सळसळ आणि व्यंजनांची धार बरीचशी तिथेच असते.

रिंगेसाठी धुळ्याला एका कारागिराकडे गेलो. हात चांगला, पण काम मुख्यतः लग्नातल्या डीजेच्या पेट्यांचं. त्याचं म्हणणं, "सर, रिंगेच्या भानगडीत कशाला पडता, पूर्ण कोनच टाकून देतो, दोन दिवसांत घेऊन जा." मला ते पटलं नाही. डीजेच्या पेटीला तो उपाय चालतो, घरच्या स्पीकरला नाही. कोनाचं वजन, त्याच्या टांगणीचा ताठपणा, चुंबकाची ताकद आणि खोक्यातल्या हवेचं आकारमान यांचं एकमेकांशी गणित बसवलेलं असतं. ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते मांडलं, आणि आजही खोकी त्यावरच बेतली जातात. बाजारातला तयार कोन चार ग्रॅम जड असला, तरी वूफर त्या खोक्यासाठी परका होतो. मापाच्या नव्या फोम-रिंगा मी मागवून घेतल्या आणि काम घरीच केलं.

हे काम निवांतपणाचं आहे. जुना फोम आणि त्याचा गोंद ब्लेडने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने काढण्यातच एक दुपार गेली. कागद ओला होऊ द्यायचा नाही, ब्लेड आडवंच धरायचं. मग मधली टोपी सोडवली. कॉइल आणि चुंबकाच्या मधल्या फटीत नानांच्या जुन्या एक्स-रेच्या कापलेल्या चार पट्ट्या सरकवल्या, म्हणजे कॉइल अगदी मधोमध धरून राहते. रिंग आधी कोनाला चिकटवली, गोंद धरल्यावर सांगाड्याला, कडेने कपड्यांचे चिमटे. चोवीस तास हात लावायचा नाही. पट्ट्या काढल्यावर कोन दाबला. खसखस नाही. टोपी पुन्हा बसवली.

कंडेन्सर मी पॉलिप्रॉपिलिनचे टाकले, ते सुकत नाहीत. वाजवून पाहिलं तर सगळं लख्ख, पण माझ्या मुलीने कानावर हात ठेवला, "बाबा, स स जास्त येतंय." तिचं बरोबर होतं. जुन्या जातीच्या कंडेन्सरला स्वतःचा थोडा रोध असतो, मूळ रचना तो धरून केलेली असते, आणि नव्याला तो जवळजवळ नसतो. अर्ध्या ओहमचा रेझिस्टर मालिकेत टाकला, ते टोचणं गेलं.

आता डग्गा आला, आणि इतका आला की घुमायला लागला. तारा उलट्या होत्या तोवर खालचे सूर खाल्ले जात होते, म्हणून खोलीचा दोष झाकला गेला होता. बैठक १६ फूट बाय ११, स्लॅब १० फुटांवर, खाली फरशी, तीन भिंती कोऱ्या. सोळा फूट लांबीत ध्वनीची उभी लाट, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींत अडकून घुमणारा सूर, ३५ हर्ट्झच्या आसपास बसते आणि तिची दुप्पट ७१ ला. पुरुष गायक काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत, गात असेल तर षड्ज १३९ हर्ट्झचा, तानपुऱ्याचा खरज ६९ चा. म्हणजे खरजाची तार बरोबर खोलीच्या दुखऱ्या जागेवर. त्यातून नानांचा पलंग मागच्या भिंतीला टेकलेला, जिथे ही लाट सर्वांत जोरात असते. कितीही महाग स्पीकर आणले असते, तरी हा घुम्म तसाच राहिला असता. ताईला हे पटवायला मी तिला पलंगावर बसवलं आणि मग चार फूट पुढे खुर्चीवर. तिथे ७१ ची लाट जवळजवळ शून्य होते. "अरे, इथे कुणी बटण फिरवलं का?" हे तिचे शब्द.

पलंग खोलीच्या मध्यात आणणं आईला मान्य होणार नव्हतं. दोन फूट पुढे आला. भिंतींसाठी पेठेत गाद्या भरणाऱ्याला गाठलं. आपल्या भागात कापसाला तोटा नाही आणि जुन्या दोन गाद्यांचा कापूस घरातच पडून होता. तो पिंजून त्याने चार-चार इंच जाडीच्या चार गाद्या खादीच्या खोळीत शिवून दिल्या. त्या लाकडी चौकटीत घालून बाजूच्या आणि मागच्या भिंतींवर लावल्या. चार इंच कापूस ७१ हर्ट्झला फारसं काही करत नाही, ते काम पलंगाने केलं. पण टाळी वाजवल्यावर भिंतीभिंतींत जो टणटणाट व्हायचा, तो थांबला आणि शब्द मोकळे झाले.

चौथी तक्रार मात्र उरली. जवारी. मला ती आता स्पष्ट ऐकू येत होती, मुलीलाही. नाना म्हणाले, "तानपुरा कोठे शे?"

खरं तर याचं उत्तर मला आधीच मिळालं होतं, मीच ते ऐकलं नव्हतं. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेच्या दिवसांत नानांना भजनाला घेऊन गेलो होतो. माइक नव्हता, टाळकरी चार हातांवर. परतताना बोरी नदीच्या पुलावर ते म्हणाले होते, आजकालचे टाळही बोदे निघतात. टाळांचं पितळ काही म्हातारं होत नाही.

जळगावला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे ऑडिओग्राम काढला. ५०० हर्ट्झला नानांचा उंबरठा, म्हणजे ऐकू यायला लागणारा कमीत कमी आवाज, २० डेसिबल, म्हणजे जवळपास तरुणासारखा. २,००० ला ३०, ४,००० ला ५०, ८,००० ला ६५. दोन्ही कान सारखे. वयामुळे आतल्या कानातल्या पेशी जातात, त्या वरच्या सुरांकडून जायला लागतात आणि परत येत नाहीत. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. नानांनी तो आलेख बराच वेळ हातात धरला आणि विचारलं, "म्हणजे ते गात होते, मीच ऐकत नव्हतो?" त्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही.

तरीही नव्या स्पीकरांना एक न्याय्य संधी द्यायची होती, नाहीतर ताईच्या आणि माझ्याही मनात सल राहिला असता. धुळ्याच्या एका मित्राने त्याची नवी जोडी दोन दिवसांसाठी दिली. ताईच्या दरपत्रकातली जोडी याच किमतीच्या जवळची. नव्यांची संवेदनशीलता ८५ डेसिबल, आमच्या जुन्यांची ८९. हा चारचा फरक किरकोळ नाही. तेवढाच आवाज काढायला नव्यांना अडीच पट वॉट लागतात. म्हणजे ऐंशी हजारांनंतर ५० वॉटच्या अ‍ॅम्पकडे बोट जाणार, हे दिसतच होतं.

तुलनेत सर्वांत मोठी फसगत आवाजाच्या पातळीची होते. जो स्पीकर किंचित मोठा वाजतो, तोच माणसाला सरस वाटतो. आमच्या अ‍ॅम्पला दोन जोड्यांत अदलाबदल करणारं ए-बी बटण आहे. दोन्ही जोड्या लावल्या, फोनवरच्या मापकाने पातळी जुळवली आणि आवाजाच्या बटणावर खडूने दोन खुणा केल्या. मोबाइलचं मापक नेमका आकडा सांगायला कच्चं असतं, पण दोन आवाज सारखे आहेत की नाही एवढं कळतं. समोर नानांचं पातळ धोतर आडवं बांधलं. मुलगी बटण फिरवायची आणि कुठला स्पीकर ते वहीत लिहायची.

दहा फेऱ्यांत नानांनी पाच वेळा जुने निवडले, तीन वेळा नवे, दोनदा "सारखंच". माझ्या दहा फेऱ्यांत नव्यांना सहा मिळाले. हे लपवण्यासारखं नाही. नव्यांमध्ये वरचे सूर जास्त स्वच्छ होते, मला ते आवडलं, आणि माझ्या खोलीसाठी घ्यायचे असते तर मी कदाचित घेतले असते. पण ज्या स्वच्छतेचे पैसे आम्ही देणार होतो, ती ४,००० हर्ट्झच्या वर होती आणि नानांच्या कानांचं दार तिथेच अर्धं मिटलेलं होतं.

कॉइल घासत असती, ट्वीटर जळून त्याचा जोडीदार मिळत नसता किंवा खोकं ओलीने फुगलं असतं, तर मी एवढा खटाटोप केला नसता, नवेच आणले असते. कारागिराकडे तयार कोन टाकायला मात्र तेव्हाही गेलो नसतो.

खर्च असा झाला. रिंगा आणि गोंद १,९००, कंडेन्सर १,४५०, रेझिस्टर ४०, गाद्यांची शिलाई, खोळी आणि चौकटी २,२००, कानांची तपासणी ९००. एकूण ६,४९० रुपये. उरलेल्यांतले ५८ हजार ताईच्या सांगण्यावरूनच श्रवणयंत्रांच्या जोडीला गेले. बाकीचे तिने आईच्या हातात दिले, पाटल्यांसाठी.

श्रवणयंत्रं लावून नानांनी पहिल्यांदा गाणं ऐकलं, तेव्हा चेहरा उतरला. तानपुरा थरथरतोय म्हणाले, पाण्यात बुडवल्यासारखा. आम्ही पुन्हा जळगावला गेलो. ही यंत्रं शिट्टी वाजू नये म्हणून सतत एकसारखा टिकणारा सूर शोधून दाबत असतात, आणि तानपुरा म्हणजे सतत टिकणारा सूरच. यंत्राला तो स्वतःची शिट्टी वाटतो. तिथल्या ऑडिओलॉजिस्टने संगीतासाठी वेगळा प्रोग्राम बसवून दिला, ज्यात हे दाबणं आणि गोंगाट कमी करणं दोन्ही बंद. गाणं लावायच्या आधी कानामागचं छोटं बटण एकदा दाबायचं. पहिले आठ दिवस ते मुलीने दाबून दिलं.

आषाढात पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी लाइट जाऊन आली होती. नानांनी स्वतःच बटण दाबलं, पेनड्राइव्ह लावला आणि दोन फूट पुढे आलेल्या पलंगावर बसले. नुसता तानपुरा चालू होता, गवई अजून गळा लावत होता. मी दारात उभा होतो.

"बापू," ते म्हणाले, "आते बेस वाजस." आता छान वाजतंय.

मागच्या रविवारी उजव्या खोक्याच्या आत, क्रॉसओव्हरशेजारच्या लाकडावर मी पेन्सिलीने नव्या कंडेन्सरचं माप, रिंगेचा आकार आणि जून २०२५ अशी तारीख लिहून ठेवली. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावायचं काम अजून राहिलं आहे.